नात्याचा रकाना

वाटूर
९ जून २०२५

वंदना, तुला आशीर्वाद. खुशाल असशील अशी आशा.

फोन सोडून पत्र का लिहून राह्यले, तर कान. उजवा तर कवाच गेला, आता डाव्यातबी नुसता भुंगा फिरल्यासारखा आवाज येतो. परवा तू फोनवर काहीतरी विचारलं, मी हो हो म्हणलं. फोन ठेवल्यावर घाम फुटला, काय कबूल करून बसले कोणाला ठाऊक. त्यात तुमच्या त्या पहाडावर रेंज न्हाई, निम्मं बोलणं तिकडंच राहतं. मंग म्हणलं, सातवीपर्यंत शिकवलं बापानं, ते कवा कामी येणार?

इथं सगळं ठीक हाय. ठीक म्हणजे काय, सकाळी उठते, एका माणसाचा चहा टाकते. तुझे दादा जाऊन दीड वरीस झालं तरी हात दोन कप पाणी घेतो. मंग एक कप ओतून देते. दिवसभर कोणाशी बोलणं न्हाई. बोललं तरी मला ऐकू येत न्हाई, म्हणून लोकंबी दमले. तुझ्या दादांच्या वर्षश्राद्धाला तुला येणं झालं न्हाई, तुझ्या शाळेतल्या पोरांची परीक्षा व्हती. मी त्याच्यावर काही म्हणत न्हाई. जाऊबाई काय म्हणल्या तेबी सांगत न्हाई.

लिहायचं कारण दुसरंच हाय. पितृपाठातल्या नवमीचं काय करायचं?

तुला माहीत हाय, तुझी आई सवाष्ण गेली. मी या घरात आले त्या सालापासून दर अविधवा नवमीला एक सवाष्ण बोलवून उषाबाईच्या नावानं पाटावर बसवून जेवू घातली. खीर, वडे, कढी, ओटी भरून साडी. गेल्या साली दादांचं वरीस व्हायचं व्हतं म्हणून काहीच केलं न्हाई. औंदा मी तयारीला लागले तर मच्छिंद्र भाऊजी म्हणले, वहिनी, नवमी बंद झाली. नवरा मागं जिवंत हाय तवरच बाई अविधवा. दादा गेले, आता उषाबाईचं त्यांच्या श्राद्धातच आलं. तुमचं काम संपलं.

भाऊजी शास्त्राचं बराबर बोलले असतील. पण ते काम संपलं म्हणले, ते माझ्या जिवाला लागलं. माझं दुसरं काम कोणतं व्हतं या घरात?

आई तुझी हाय. तू सांग, बंद करू का चालू ठेवू? तुझ्या शब्दाबाहेर मी जाणार न्हाई.

सोमेश्वररावांना नमस्कार सांग.

तुझी मावशी
दैवशाला


किन्नौर, हिमाचल
२४ जून २०२५

मावशींना नमस्कार.

तुमचं पत्र बारा दिवसांनी मिळालं. कानाची तपासणी करून घ्या. जालन्याला कानाचे डॉक्टर आहेत, काकांना सोबत न्या.

नवमीबद्दल काका सांगतात तेच करावं. त्यांना रीत माहीत आहे. मी इतक्या लांबून काय सांगणार? आईला जाऊन तेहेतीस वर्षं झाली. मला तिचा आवाजसुद्धा आठवत नाही. तुम्ही इतकी वर्षं केलंत, ते पुष्कळ झालं.

माझं एक काम आहे. मी बदलीचा अर्ज भरते आहे. आमच्या निवासी शाळा देशभर आहेत, आणि घरी सांभाळायला कुणी नसलेले आई किंवा वडील असतील तर जवळची शाळा मागता येते. मी जालना मागितलं आहे. अर्जात तुमचं नाव घातलं. पुढे नात्याचा रकाना आहे, तिथे मी 'मदर' लिहिलं होतं. आमच्या कार्यालयातल्या बाबूंनी माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव उषा पाहिलं आणि अर्ज परत दिला. म्हणाले, तिथे 'स्टेप मदर' लिहा आणि तुम्ही एका घरात राहत होता याचा कागद जोडा. म्हणून जुन्या रेशनकार्डाची झेरॉक्स पाठवा, ज्यावर तुमचं आणि माझं दोघींचं नाव आहे.

इथे पाऊस आणि थंडी दोन्ही आहे. सहावीला इंग्रजी शिकवते, वसतिगृहाच्या मुलींची जबाबदारीही माझ्याकडेच आहे. दिवस जातो.

वंदना


वाटूर
८ जुलै २०२५

वंदना, तुला आशीर्वाद.

रेशनकार्डाच्या दोन झेरॉक्स पाठवून राह्यले. एक हरवली तर दुसरी असावी. फाट्यावरच्या बबलूकडं काढल्या. बबलू म्हणजे तुझ्या वर्गातल्या साहेबरावचा धाकटा भाऊ, आता दोन लेकरांचा बाप झाला पण नाव बबलूच राह्यलं. त्याला मी तुझं पत्र दाखवलं, म्हणलं हे 'स्टेप मदर' काय हाय रे? तो खाली मान घालून म्हणला, सावत्र, काकू. मला ऐकू आलं न्हाई म्हणून पुन्हा विचारलं, तर त्याला मोठ्यानं म्हणावं लागलं. दुकानात चार माणसं व्हती. बिचारा लाजला.

मला काय लाजायचं? सावत्र तर हायेच मी. तुझं बारसं घातलं न्हाई, तुला दूध पाजलं न्हाई. पण तू आधी 'मदर' लिहिलं व्हतं, ते वाचून मी ते पत्र तीनदा वाचलं. मंग खोडलं तेबी वाचलं. बाबू बरोबर हाय, त्याची काही चूक न्हाई. एवढंच सांग, तू इंग्रजीची मास्तरीण हायेस, त्या 'स्टेप' शब्दाचा अर्थ काय? इंग्रजीत तरी जरा बरा असंल तर कळव.

आन् हे जालन्याचं काय काढलं? सोमेश्वरराव पुण्याला नोकरीला. मंग बदली मागायची ती पुण्याची मागायची. म्हातारीची फिकीर करू नको, चौपन्नाव्या वर्षी कोणी म्हातारी व्हत न्हाई. नवरा-बायकोनं एका गावात राहावं, एवढं मला कळतं.

नवमीचं मी तुझ्या शब्दाबाहेर जाणार न्हाई म्हणले व्हते, ते मोडून राह्यले. तू सांगितलं काकांचं ऐका, पण तुझ्या पत्रात ते वाक्य लई कोरडं व्हतं. आईची नवमी बंद करायला सांगताना पोरीचं अक्षर एवढं सरळ येतं का? म्हणून मी बेबीनंदाकडं गेले. दर साली तीच तर येऊन बसायची. म्हणलं, औंदा चौदा-पंधरा सप्टेंबरला नवमी हाय, ये. ती आत जाऊन सासूला विचारून आली. बाहेर येऊन नीट बोलली, पण न्हाईच म्हणली. सासू म्हणती, नवमी तर आता राह्यलीच न्हाई, आन् विधवेच्या हातची ओटी सवाष्णीनं कशी घ्यावी?

बेबीनंदानं तीस वर्षं माझ्या हातचे वडे खाल्ले. घरी आले आन् भांडी घासली, घासलेलीच.

तुझी मावशी


किन्नौर
२७ जुलै २०२५

मावशींना नमस्कार.

झेरॉक्स मिळाल्या. अर्ज पुढे गेला.

तुम्ही शब्दाचा अर्थ विचारलात. खरं सांगायचं तर मलाही माहीत नव्हता. इतकी वर्षं इंग्रजी शिकवते, पण या शब्दाच्या पोटात काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. रविवारी ग्रंथालयातला जाडा शब्दकोश काढला. पायरीला 'स्टेप' म्हणतात तो शब्द वेगळा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. हा फार जुना आहे, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतला. त्याचं मूळ आहे 'हिरावून घेणं'. ज्याचं माणूस मरणाने हिरावलं गेलं तो 'स्टेप'. त्या काळी 'स्टेपचाइल्ड' म्हणजे आई किंवा बाप गेलेलं पोरकं मूल, एवढाच अर्थ होता. मग त्या पोरक्या मुलाच्या घरात जी बाई येते तिलाही तोच शब्द चिकटला. म्हणजे इंग्रजीत तुम्हाला तो शब्द लागला तो माझ्यामुळे, माझं कुणीतरी गेलं म्हणून.

आपला 'सावत्र' सवतीवरून आला. संस्कृतात सपत्न म्हणजे चक्क वैरी. त्यांच्या शब्दात मरण आहे, आपल्या शब्दात भांडण. वाचून झालं आणि कोश मिटला. मग ठरवलं की एवढं लिहिलंच आहे तर उरलेलंही लिहावं.

मी अकरा वर्षांची होते. भाद्रपद लागताच तुम्ही मला जांबला मामाकडे पाठवलंत, शाळा बुडवून. महिनाभर मी तिथे होते. मामा मला रोज समर्थांच्या मंदिरात घेऊन जायचा, पण घरी कधी न्यायचं ते सांगायचा नाही. परत आले तेव्हा हापशावर बेबीनंदाकाकू पाणी भरत होत्या, आणि त्यांच्या अंगावर आईची जांभळी साडी होती. बारीक पिवळ्या काठाची. मी आईच्या मांडीवर झोपायचे तेव्हा तो काठ बोटात धरायचे. घरी येऊन आईची पेटी उघडली. पेटी रिकामी होती. पाचही साड्या गेल्या होत्या. तुम्ही आत झोपल्या होतात, तोंड भिंतीकडे करून. मी तुम्हाला काही विचारलं नाही. दादांना विचारलं, ते उठून शेतात गेले.

पुढच्या जूनमध्ये जालन्याच्या वसतिगृहात मी स्वतः हट्टाने गेले. तुम्हाला कदाचित वाटलं असेल की मामाने नेलं. नाही. मला त्या घरात राहायचं नव्हतं.

आई मरणाने नेली, त्याला कुणाचा इलाज नव्हता. पण तिच्या साड्या तुम्ही नेल्यात. नंतर दरवर्षी तिच्या नावाने नवमीला साडी वाटायचात, त्याचा मला राग यायचा. तिच्याच साड्या वाटून टाकायच्या आणि मग तिच्याच नावाने पुण्य करायचं. म्हणून मी लिहिलं की काकांचं ऐका, बंद करा. अक्षर सरळ आलं ते त्यामुळे.

तीस वर्षं मी हे बोलले नाही. आता तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून लिहिण्याची वेळ आली, तर लिहिलं गेलं.

वंदना


वाटूर
१० ऑगस्ट २०२५

वंदना,

तुझं पत्र आलं तवा मी दारात बसून शेंगा निवडत व्हते. वाचलं आन् तसंच घेऊन आत गेले. आज लिहिते. लपवायचं काही ठेवणार न्हाई, मंग तुला जे म्हणायचं ते म्हण.

साड्या मीच दिल्या. पाचच्या पाच. तुझ्या दादांनी न्हाई, सासूनं न्हाई, मी.

तू जांबला गेली तवा मी पोटुशी व्हते, सातवा सरून आठवा लागला व्हता. तू पाहिलं व्हतंस, पण तुला कोणी समजून सांगितलं न्हाई. जालन्याला दवाखान्यात पोरगा झाला. दोन दिवस राह्यला. तिसऱ्या दिवशी तुझ्या दादांनी त्याला फडक्यात गुंडाळून नेलं, बांधावरच्या बाभळीखाली ठेवलं. मला दाखवलं न्हाई. तोंड मी नीट पाहिलं न्हाई त्याचं, नुसता कान पाहिला, एवढासा. दवाखान्यातून आले तर बाया दाराशी आल्या आन् आपसांत बोलून गेल्या, की सवत आडवी आली. तवा माझे कान चांगले व्हते, सगळं ऐकू आलं.

माझ्या आईनं मला पिंपळगावला रेणुकाईच्या पाया पडायला नेलं. तिथं आमच्या नात्यातली एक म्हातारी भेटली. ती म्हणली, मेलेलीचे नेसलेले कपडे घरात हायेत तवर तुझा पाळणा भरायचा न्हाई. ते सवाष्णींना देऊन टाक, नवमीच्या दिवशी दे, म्हणजे ती समाधानानं जाईल. मी बावीस-चोवीस वर्षांची. घरी येऊन पेटी उघडली आन् नवमीला पाच बाया बोलवून पाचीजणींच्या ओटीत एकेक घातली.

भ्याले म्हणून दिल्या असं म्हणलं तर निम्मंच खरं व्हईल. उरलेलं निम्मं असं हाय की मला त्या साड्या घरात नकोच व्हत्या. तुझे दादा कधीमधी पेटी उघडून बसायचे. काही करायचे न्हाईत, नुसते बसायचे. मी चुलीपाशी असायचे, मला पेटीचा आवाज यायचा. मला कोणतीबी नवी साडी आली तर आधी देवातल्या उषाबाईच्या टाकाला दाखवायची, चांदीच्या त्या एवढ्याशा पत्र्याला, मंग मी नेसायची. माझं काही आधी माझं झालंच न्हाई. तवा त्या पेटीचा मला राग व्हता. मेलेल्या बाईचा राग केला मी. तो माझा गुन्हा.

पण एका गोष्टीची मला शुद्धच राह्यली न्हाई. त्या पेटीवर तुझाबी हक्क व्हता. तू परत येशील, उघडशील, शोधशील, हे माझ्या डोक्यात आलंच न्हाई बघ. माझं लेकरू गेल्तं, मला दुसऱ्याचं लेकरू दिसेना. तू आली तवा भिंतीकडं तोंड करून पडले व्हते ते अंगात दूध दाटलं व्हतं म्हणून. पदर ओला व्हायचा, तो तुला दिसू नये. तू वसतिगृहात गेलीस तवा मला वाटलं, पोर मला भिऊन गेली. मामानं शिकवलं असंल असंबी वाटलं. तू माझ्यावर चिडून गेली हे आज कळलं. भिण्यापरीस चिडलेली बरी.

पुढच्या नवमीला बेबीनंदा तीच जांभळी साडी नेसून पाटावर बसली. मी वाढत व्हते. मला वाटलं उषाबाईच जेवून राह्यली. मी मनातल्या मनात तिला म्हणलं, बाई, तुझं लेकरू माझ्यापासून गेलं, माझं देवाकडं गेलं, आता आपण दोघी बराबर झालो. त्या सालापासून नवमी पुण्यासाठी केली न्हाई. तिला एकदा वरसातून बोलावून बसवायचं, एवढंच. दुसरं कोण व्हतं माझ्याशी बोलायला? पाळणा काही भरला न्हाई.

तू लिहिलं की इंग्रजीत तो शब्द मला लागला तो तुझं कोणी गेलं म्हणून. तुझा कोश म्हणतो की लेकराचं माणूस गेलं की लेकरू 'स्टेप'. बाईचं लेकरू गेलं तर तिला काय म्हणतात, ते त्यात हाय का बघ.

साड्या परत आणून देता येत न्हाईत, पाचातल्या चौघी बायाबी आता न्हाईत. माफी मागते. मोठ्यानं लहानाची मागू नये म्हणतात, मी मागते.

आन् एक मागणं हाय. गावातली एकबी सवाष्ण औंदा बसायला तयार न्हाई. तूच ये. तू त्या घरची लेक, दुसऱ्या घरी दिलेली, सवाष्ण. तुझ्या आईच्या पाटावर तू बस. मी वाढीन. जेवून झाल्यावर तू बंद कर म्हणलीस तर बंद करीन, त्याचं काही वाटून घेणार न्हाई. पंधरा सप्टेंबर, सोमवार हाय.

मावशी


किन्नौर
२६ ऑगस्ट २०२५

मावशी,

तुझं पत्र वीस तारखेला आलं. मुली जेवायला गेल्या होत्या, मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून वाचलं. बाळ झालं होतं हे मला अर्धवट ठाऊक होतं. तो दोन दिवस जगला, हे ठाऊक नव्हतं. मला भाऊ होता आणि मी जांबला गोट्या खेळत होते. साडीचा राग तीस वर्षं जपला आणि तुझी ओटी रिकामी का हे एकदाही विचारलं नाही. तू माफी मागू नकोस. मलाही मागायची आहे, पण कागदावर ती नीट जमत नाही.

तू विचारलंस ते कोशात पाहिलं. लेकरू गेलेल्या आईसाठी वेगळा शब्द इंग्रजीत नाही. मराठीतही मला सापडला नाही.

त्याच दिवशी मी रजा टाकली. बारा तारखेचं अंबाल्याहून सचखंड एक्सप्रेसचं तिकीट काढलं, तेरा तारखेला जालना. मग खोलीवर आले आणि तुझं शेवटचं मागणं परत वाचलं. ते तिकीट मी रद्द करणार आहे. का ते आता सांगते.

मी सवाष्ण नाही, मावशी. म्हणजे सोमेश्वर जिवंत आहे, खुशाल आहे, पुण्यात आहे. पण दुसऱ्या कुणासोबत आहे. सव्वादोन वर्षं झाली. भांडण झालं नाही, फार काही झालंच नाही. एक दिवस त्याने सांगितलं आणि मी ऐकून घेतलं. दादांच्या दहाव्याला तो आला तो मी हातापाया पडून बोलावला म्हणून. चार दिवस आम्ही दोघं एकाच खोलीत राहिलो आणि एकमेकांशी बोललो नाही. तुला ऐकू येत नव्हतं, म्हणून तुला वाटलं सगळं ठीक आहे. एप्रिलमध्ये कोर्टाचा कागद आला. वर्षश्राद्धाला मी आले नाही ते परीक्षेमुळे नाही. मंगळसूत्र घालून यावं की न घालता, हे ठरेना.

बदलीच्या अर्जात दुसराही एक रकाना होता, लग्न झालेलं आहे की नाही याचा. तिथे मी खरं लिहिलं. तुला लिहू शकले नाही. पुण्याची बदली का मागत नाही, त्याचं उत्तर हे. मला कुणाजवळ तरी यायचं होतं, आणि जगात तुझ्याशिवाय दुसरं नाव घालायला मला सापडलं नाही. इथे फार एकटं वाटतं. मुली सुट्टीत घरी जातात तेव्हा वसतिगृहाच्या बावीस खोल्यांत मी एकटी असते, आणि रोज संध्याकाळी सगळीकडचे दिवे लावते.

पण आईच्या पाटावर मी बसू शकत नाही. काका काय म्हणतील, बेबीनंदाकाकूंची सासू काय म्हणेल ते सोड, मलाच ते बरं वाटणार नाही. तू तीस वर्षं रीतीने केलंस, शेवटच्या वर्षी तुला माझ्यासारखी बसवावी लागली असं व्हायला नको. नवमी झाली की दिवाळीत येईन.

वंदना


वाटूर
४ सप्टेंबर २०२५

वंदना,

हे पत्र टपालात टाकलं तर नवमी निघून जाईल. म्हणून बबलूला याचा फोटो काढून तुझ्या शाळेच्या हापिसच्या मोबाइलवर पाठवायला सांगितलं. तो वाचणार. वाचू दे. तुमचे बाबूबी वाचतील, त्यांना मराठी येत असंल तर.

तिकीट रद्द करू नको.

सव्वादोन वर्षं एकटीनं भात शिजवून खाल्ला आन् मला हूं की चूं केलं न्हाईस. मला राग आला हाय, तो समोर आल्यावर काढीन. सोमेश्वररावांचा आला तेवढाच तुझाबी आला. तू त्या चार दिवसांत त्याच्या ताटात वाढत व्हतीस, मी पाहिलं व्हतं, तू त्याच्याकडं बघत नव्हतीस. मी मनात म्हणलं, बापाचं दुःख असंल. मी जवळ बसून विचारायला पायजे व्हतं. ऐकू येत न्हाई म्हणून काय झालं, तोंड तर दिसत व्हतं तुझं.

आता नवमीचं ऐक. सवाष्ण मला कशाला लागत व्हती? मी भीत व्हते म्हणून. नवऱ्याला काही व्हईल, पाळणा भरायचा न्हाई, घराला बाधा व्हईल. आता नवरा न्हाई, पाळणा न्हाई, भ्यायचं काही शिल्लकच राह्यलं न्हाई. आन् उषाबाईचं म्हणशील, तर तिला बेबीनंदाला जेवताना पाहून काय मिळत व्हतं? तिला तिची पोर पाहायची असंल. तुझं कपाळ कसं हाय ते ती बघणार न्हाई, तू वाळलीस का ते बघंल. आईला तेवढंच दिसतं. मला कसं ठाऊक ते तू विचारू नको.

पाट दोन मांडीन. एकावर तू, एकावर मी. वाढायला कोणी न्हाई, आपलं आपण घेऊ. वडे मी आदल्या दिवशी भिजवून ठेवते. तुला खीर पातळ लागती का घट्ट ते मला ठाऊक न्हाई, तेवढं कळव. इतक्या वर्षांत तुला कवा विचारलंच न्हाई.

मच्छिंद्र भाऊजीकडं काल गेले व्हते. म्हणलं, तेरा तारखेला जीप घेऊन जालन्याच्या टेसनावर जायचं, सचखंड येती. ते म्हणले, कोण येऊन राह्यलंय? म्हणलं, माझी पोरगी. त्यांना वाटलं मला नीट बोलता येईना, म्हणून कानाशी येऊन मोठ्यानं विचारलं, कोण पोरगी, वहिनी?

मी म्हणलं, मला काय दहा हायेत?

मावशी